ताणातली तीन हिरवी झाडं

खैरूनबीला मी ठिबकचा संच विकला त्या दिवशी तिने माझ्या दुकानात तीन तास काढले, आणि त्यातला एक तास नुसती वाटी धरून. वाटी तिने घरून आणली होती. दुकानासमोर मी गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती एक नळी टाकीला जोडून ठेवतो. त्या नळीच्या एकेका ड्रिपरखाली, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीखाली, वाटी धरायची, भरायला किती वेळ लागतो ते मोबाईलमध्ये बघायचं, वाटी दुकानापुढच्या झाडाच्या बुडाशी रिकामी करायची आणि पुढे सरकायचं, असं तिचं चाललं होतं. मी दोनदा चहा मागवला. तिने दोन्ही वेळा आधी मला घोट घ्यायला लावला. सातव्या ड्रिपरची वाटी जरा उशिरा भरली तेव्हा तिने मला बोटाने जवळ बोलावलं.

"हा चोर हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं कचरा अडकला असेल, टाचणीने निघतो. ती म्हणाली की कचरा असो नाही तर चोर, पाणी तर कमीच आलं. मी संग्रामपूरच्या बाजारात वीस वर्षं दुकान चालवतो, भलेभले शेतकरी माझ्या बोलण्यावर बगीचे ठिबकवर नेतात, आणि ही बाई वाटी घेऊन माझी परीक्षा घेते. सांगायला हरकत नाही, मला तिचा संताप आला होता.

तिचं गाव आमच्याकडून सातपुड्याकडे जाताना लागतं. साठीची, उंच, वाळकी बाई. पदर डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलेला. दोनशे दहा संत्र्याची झाडं, एकटीने सांभाळलेली. मुलगा बिलाल खामगावला गॅरेजात कामाला, तो शुक्रवारी घरी यायचा. तिच्या संशयाच्या गोष्टी गावात चवीने सांगतात. डॉक्टरने गोळ्या दिल्या की ती आधी मेडिकलवाल्याला विचारायची बरोबर आहेत का, आणि मेडिकलवाल्याने हो म्हटलं की परत डॉक्टरला, की हा मेडिकलवाला कसा माणूस आहे. मीही या गोष्टी सांगून लोकांना हसवलं आहे.

पण एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी गेला. मय्यत घरात होती, सगळं गाव दारात होतं, आणि त्याच दुपारी विहिरीवरचा तिच्या मोटारीचा स्टार्टर कोणी तरी काढून नेला. दारात बसलेल्यांपैकीच कोणी तरी असणार, कारण बाहेरचं कोणी त्या दिवशी आलंच नव्हतं. कोण ते कधी कळलं नाही. त्या दिवसापासून ती प्रत्येकाकडे तोच असेल अशा नजरेने बघायची.

विहीर सामाईक होती, तिची आणि शेजारच्या उत्तमरावांची. तिच्या आजेसासऱ्याने आणि उत्तमरावांच्या आजाने मिळून खोदलेली. स्टार्टर गेला, पुढे तिचं वीज कनेक्शनही बंद पडलं, तेव्हा उत्तमरावांनी त्यांच्या मोटारीवरून तिच्या बगीच्याला लाईन जोडून दिली. नवीन काही होईपर्यंत, असं ठरलं होतं. ते नवीन कधी झालंच नाही. सोमवार आणि गुरुवार मोटार खैरूनबीची, बाकीचे दिवस उत्तमरावांची. म्हणजे तिची दोनशे दहा झाडं या एका माणसाच्या शब्दावर उभी होती, आणि ती त्याच माणसाला बारा वर्षं संशयाने बघत होती. सोमवारी मोटार सुरू व्हायच्या आधी ती विहिरीत दोर सोडून पाणी मोजायची. रविवारी संध्याकाळी मोजलेलं असायचंच.

ठिबकचा संच तिने एकाच ओळीपुरता नेला. दहा झाडं. मी म्हटलं, चाची, विहीर मार्चमध्येच तळ दाखवते, एका ओळीने काय होणार, पूर्ण बगीचा करा. ती म्हणाली, तू विकणारा आहेस, तुझं ऐकून कसं चालेल, मी माझं बघते. आणि तिने खरंच बघितलं. असा प्रयोग मी कृषी विभागाच्या कोणत्या प्लॉटवरही पाहिलेला नाही.

चार ओळी घेतल्या, प्रत्येकी दहा झाडांच्या. पहिल्या ओळीला जुन्या पद्धतीने मोकाट पाणी, बुडाशी आळं भरून. दुसऱ्या ओळीला दुहेरी आळं, म्हणजे बुडाभोवती मातीचा एक कडा आणि त्याच्या बाहेर दुसरा, पाणी दोन कड्यांच्या मधे, खोड कोरडं. तिसऱ्या ओळीत तिने प्रत्येक झाडाजवळ दोन दोन मडकी गळ्यापर्यंत पुरली आणि वर खापरी झाकली. मडक्यातलं पाणी हळूहळू पाझरतं आणि मुळं ते शोधत येतात, हे तिने आपल्या बापाकडे पाहिलं होतं. चौथी ओळ माझ्या ठिबकची. या चारही ओळींवर ती एक लोखंडी सळई घेऊन फिरायची. सळई मातीत दाबायची. जिथपर्यंत सहज जाते तिथपर्यंत ओल. सळईवर तिने करवतीने खुणा केल्या होत्या, आणि खुणांचा हिशेब ती मला सांगायची नाही.

मी मात्र मे महिन्यात जाऊन स्वतः पाहिलं. मोकाट पाण्याची ओळ पहिले तीन दिवस तुडुंब, आठव्या दिवशी सळई बोटभरही जात नव्हती. आणि दोन झाडांच्या बुडातून डिंक गळत होता, खोड ओलं राहिल्यावर गळतो तसा. दुहेरी आळ्याची झाडं निरोगी होती, पाणी मात्र जवळपास तेवढंच पीत होती. मडक्यांचं खैरूनबीला फार कौतुक. एप्रिलपर्यंत ते खरंही होतं, सगळ्यात कमी पाण्यात ती झाडं टवटवीत. पण आमच्या पाण्यात क्षार. मडक्यांवर पांढरा थर चढला, पाझर बंद झाला, आणि पाणी मडक्यात तसंच राहू लागलं. दहा झाडांची वीस मडकी उकरून घासायची म्हणजे दोन दिवस गेले. ठिबकची ओळ सोमवारी आणि गुरुवारी दोन तास चालायची, मोकाटच्या पाव पाण्यात भागायची, सळई कधी बघा वीतभर जायची. खारींनी नळ्या कुरतडल्या होत्या दोन जागी, तेवढं सोडलं तर माझी ओळ पहिली होती. मी हे मोठ्या तोऱ्यात बोलून दाखवलं.

"दिसत नाही ना पानी," ती म्हणाली. "जे दिसत नाही त्याच्यावर मी काऊन भरोसा ठेवू?"

शेवटचा निकाल तिने आंबिया बहारावर, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलावर सोडला. ज्या ओळीला फूल चांगलं, ती पद्धत सगळ्या बगीच्याला.

संत्रा न लावणाऱ्याला इथे एक गोष्ट सांगावी लागेल. फूल हवं असेल तर झाडाला ताण द्यावा लागतो. थंडीत दीड महिना पाणी साफ तोडायचं. पानं मलूल होतात, काही गळतात, बघवत नाही. मग जानेवारीच्या शेवटी पाणी सोडलं की झाड फुलाने भरून जातं. मधेच कोणी पाणी दिलं तर ताण मोडतो, झाड पानं काढत बसतं आणि बहार जातो. वर्षाचं पीक म्हणजे त्या सहा-सात आठवड्यांची कोरड.

मधल्या काळात, पावसाच्या तोंडाशी, बिलालचं लग्न झालं. सून मलिहा वडनेर भोलजीची, बापाचं तिथे किराणा दुकान, घरी शेतीचा गंध नाही. बारीक चणीची, हसरी मुलगी. सासूने तिला स्वयंपाकघर दिलं आणि शेत दिलं नाही. बगीच्यात कशाला हात लावायचा नाही, काही विचारायचं नाही. मलिहा विचारायची नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सासू पाणी द्यायची तेव्हा ती धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून बघत असायची. मी एकदा खैरूनबीला म्हटलं, तिलाही शिकवा थोडं. ती म्हणाली, सहा महिन्यांची ओळख, अजून माणूस कळलं नाही.

डिसेंबरच्या दहा तारखेला खैरूनबीने पाणी तोडलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्या दुकानात आली आणि दारातच उभी राहिली. मला आधी वाटलं बिलालला काही झालं. मग म्हणाली, चल.

बगीचा ताणावर आला होता. सगळीकडे पानं मिटलेली, रंग उतरलेला. फक्त ठिबकच्या ओळीतली शेवटची तीन झाडं, रस्त्याकडच्या उतारावरची, हिरवीगार. एका झाडाला तर कोवळी पालवी फुटू लागली होती. बुडाशी वाळलेलं गवत पसरलेलं, वर हात लावला तर कोरडं. तिने गवत बाजूला केलं आणि सळई दाबली. ती विनासायास आत गेली.

"तुही नळी गळून राह्यली," ती म्हणाली, "नाही तं कोनी वॉल खोलून राह्यलं, अन् पानी उतारानं इथं येऊन राह्यलं."

आता जे मी केलं ते मला अजून टोचतं. नळी गळते हे गावात पसरलं तर माझा धंदा बसला असता. मी त्या ओळीचा वॉल, म्हणजे पाणी सोडायची चावी, बघितला, घट्ट बंद होता. आणि मी म्हणालो, "माहा वॉल तं ठीक हाय चाची. मोटार कोनाच्या हातात हाय ते तुमी पाहा." नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने उत्तमरावांना विहिरीवर गाठलं. चार माणसं होती तिथे, मीही होतो. माझा बहार तुमच्या डोळ्यांत खुपतो, म्हणून मोटार चालवताना माझा वॉल उघडता, असं ती म्हणाली. उत्तमराव पासष्टीचे, हळू बोलणारे. त्यांनी ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, बारा वर्षांपूर्वी स्टार्टर कोणी नेला तेही मला आता कळलं. तेव्हा त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तोंड उघडलं, एकदा तिच्या बगीच्याकडे पाहिलं, आणि काहीच न बोलता मोटारीच्या खोलीला कुलूप लावून निघून गेले. मला तर वाटलं, बोलला नाही म्हणजे यात काही तरी आहेच. इतका वेळ मी बोट दाखवत होतो, आता माझा मलाच विश्वास बसायला लागला.

संध्याकाळी त्यांच्या घरून निरोप आला. त्यांच्या बायकोने, गीताबाईंनी, सांगितलं होतं, चोराच्या मोटारीचं पाणी कशाला घेता, जानेवारीनंतर आपलं आपण बघा. ताण सोडायला पाणी लागतं आणि पुढे जूनपर्यंत लागत राहतं. नवीन कनेक्शन उन्हाळ्याच्या आत मिळणार नव्हतं. दोनशे दहा झाडं मेली असती, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तरी ती हटली नाही. मला त्याला रंगेहाथ पकडायचं आहे, म्हणाली, मग पंचायतीत त्याच्या तोंडावर सांगते.

मी माझ्या समाधानासाठी त्या ओळीची नळी मोटारीकडून येणाऱ्या पाइपपासून कापून टाकली आणि तोंडाला टोपी लावली. आता त्या ओळीत आभाळातूनच पाणी येऊ शकत होतं. चार दिवसांनी बघितलं, तिन्ही झाडांखाली ओल तशीच. वॉल नव्हता, नळी नव्हती, मोटार नव्हती. खैरूनबी म्हणाली, मंग बादलीनं टाकत असन, पाहू.

बाजाराच्या दिवशी ती घरी संग्रामपूरला जाते म्हणून सांगून निघाली. माझ्या दुकानात आली, मला उठवलं, माझ्या गाडीवर मागे बसली, आणि डोंगराकडच्या वाटेने आम्ही परत आलो. तिच्या तुरीच्या पट्ट्यात बसलो, तीन झाडांपासून वीस पावलांवर. भर दुपार. ती मला हळू आवाजात सांगत होती, तू साक्षीदार आहेस, जे दिसेल ते तसंच सांगायचं. तिचा डोळा उत्तमरावांच्या धुऱ्यावरून हटत नव्हता.

माणूस आला तो दुसऱ्या बाजूने, रस्त्यावरच्या हापशीकडून. मलिहा होती. कमरेवर पाण्याचा हंडा, चालताना एका अंगाला वाकलेली. तिने गवत बाजूला केलं, हंडा टेकवला आणि पाणी सावकाश ओतलं, सांडू न देता. गवत परत पसरलं, हाताने सारखं केलं. सासू उन्हाळ्यात ओल टिकावी म्हणून बुडाशी गवत पसरते, हे तिला कधी तरी कोणी सांगितलं असेल. मग दुसऱ्या हंड्याला गेली. तिन्ही झाडांना एकेक हंडा. मी खैरूनबीकडे बघायचं टाळलं.

तिसरा हंडा रिकामा झाल्यावर ती तुरीतून उठली. मलिहा दचकली नाही, उलट जरा लाजली, चोरून केलेलं चांगलं काम उघडं पडल्यासारखी.

"कवापासून देऊन राह्यली तू पानी?" खैरूनबीने विचारलं.

"वीस-बाईस दिवस झाले, अम्मी. तुम्ही घरी नमाजले येता, तवा."

"काऊन?"

"तुम्हीच तं रोज म्हनता, माह्ये झाडं तानावर हायत, तानावर हायत. मले वाटलं, त्याहीले तान लागली अन् पानी नाही भेटून राह्यलं. साऱ्याईले देनं मले झेपत नव्हतं. या ओळीले तुम्ही थेंब थेंबच देत होत्या, बाकीच्याईले आळं भरून. मंग हेच जास्त तानेले असतीन ना."

आमच्या वऱ्हाडात ण ची कोणाला फिकीर नाही. ताण म्हणायचं तेही तान, आणि तहान म्हणायची तीही तान. खैरूनबीच्या घरातली बोली उर्दू वळणाची, पण शेतातले शब्द वऱ्हाडी, आणि मलिहाला त्यातला एकच अर्थ माहीत होता, जो वडनेरच्या शाळेत मैत्रिणींकडून शिकली तो. ताण म्हणजे काय हे तिला एका वाक्यात सांगता आलं असतं. कोणी सांगितलं नव्हतं. इतकंच काय, मोजमाप करून चारात पहिली आलेली माझी ठिबकची ओळ या पोरीला सगळ्यात उपाशी दिसली होती. मला हसू आलं आणि लगेच गेलं.

खैरूनबीने तिच्या हातातला हंडा घेतला. ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, कंबर दुखते का. मलिहा म्हणाली, थोडी. खैरूनबी म्हणाली, घरी जा, मी येते. आणि मला म्हणाली, तू चल माझ्यासोबत.

आम्ही उत्तमरावांच्या घरी गेलो. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गीताबाई दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, बसा म्हणाल्या नाहीत. खैरूनबी ओट्याच्या पायरीवर टेकली.

"उत्तमभाऊ," ती म्हणाली, "ते पानी म्याच देलं होतं. म्हातारपनानं ध्यानात नाही राह्यलं. मी तुमाले नाही नाही ते बोलली. मले माफ करा."

मी आ वासून बघत होतो. ज्या बाईने मेडिकलवाल्यालाही सोडलं नाही, ती दुसऱ्याचं आपल्या अंगावर घेत होती. पोरीचं नाव गावात खराब होऊ नये म्हणून. गीताबाई काही बोलणार तोच उत्तमरावांनी हात वर केला.

"भाबी, तुमचा गुडघा दुखते. तुमी हंडा उचलून पाच वर्सं झाली असतीन," ते म्हणाले. "तुमची सून रोज दुपारी पानी आनते. मी धुऱ्यावरून पाह्यतो. पयल्या दिवसापासून."

खैरूनबीने मान वर केली. विहिरीवर त्यांनी बगीच्याकडे का बघितलं होतं ते मला तेव्हा कळलं, आणि मी जमिनीकडे बघू लागलो.

"मंग सांगतलं काऊन नाही?" ती म्हणाली. "मी तुमाले चार मानसांत चोर म्हनलं, तवा तरी?"

"सांगतलं असतं तं तुमी म्हनल्या असत्या, आपली चोरी झाकाले परक्या पोरीवर घालून राह्यला. तिले घरात ऐकून घ्यावं लागलं असतं ते अलग." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "मोटारीचं मनात आनू नका, सोमवार तुमचाच हाय. पन मले खरं सांगा भाबी. माह्या तोंडून ऐकलं असतं, तं इस्वास ठेवला असता तुमी?"

गीताबाई दारातून पुढे आल्या आणि खैरूनबीच्या शेजारी बसल्या.

"नाही," खैरूनबी म्हणाली. "तुमच्यावर नसता ठेवला. अन् तिच्यावर बी नसता ठेवला."